टाकीवरच्या घरभेटी

बोरदरीच्या दैवशालाला राग चटकन येतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. लसीच्या दिवशी लेकरू काखेत मारून शेतात पळालेल्या बाईला ती बांधावरून हाका मारमारून परत आणते. बाळंतिणीच्या खाटेजवळ पिऊन आलेल्या एका नवऱ्याला तिने वजनकाट्याची झोळी हातात घेऊन अंगणाबाहेर काढलं होतं, आणि वर बजावलं होतं, "पुन्यांदा असा आलास तर तुलाच टांगीन याच्यात." पण तिचा राग म्हणजे चुलीवरचं दूध. जसं वर आलं तसं खाली. यावेळी आरोग्य केंद्राच्या मीटिंगमधून ती जो राग घेऊन आली तो मात्र खाली बसायचं नाव घेईना. आणि का बसावा?

बोरदरी हे गाव धावड्याच्या पुढे, डोंगराच्या उताराला चिकटलेलं. वर माथ्यावर पाण्याची टाकी, मधे गावठाण, आणि सगळ्यात खाली, ओढ्याच्या कडेला, भीमनगर. डांबरी रस्ता गावठाणातल्या पारापाशी संपतो. पुढे भीमनगरला उतरते ती दगडगोट्यांची वाट. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस सोडला तर ती वाट उतरून पाहुणा म्हणून कोणी खाली येत नाही. दैवशाला भीमनगरची सून आणि भीमनगरचीच आशाताई. ओढ्यापलीकडच्या शेतवस्त्याही तिच्याचकडे.

आशाताईचं काम काय, हे सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. गरोदर बाईला तपासणीला न्यायचं, ताप आलेल्याचं रक्त घ्यायचं, क्षयाच्या माणसाने गोळी गिळली की गालात धरली हे बघायचं. बाळ जन्मलं की ठरलेल्या दिवशी घरी जायचं, झोळीत घालून त्याचं वजन करायचं, अंग गरम आहे का बघायचं, आईला दूध पुरतं का विचारायचं. आणि हे सगळं झालं की मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये भरायचं. खरं काम इथेच अडतं. बाळाने कबूल केलं, आईने कबूल केलं, तरी मोबाइलने कबूल केल्याशिवाय भेट झाली असं कोणी मानत नाही.

भीमनगरात रेंज नाही. कमी आहे, जाते-येते, असं नाही. नाहीच. फोन खिशात घालून उतारावरून खाली निघालं की चिंचेच्या झाडापाशी त्याचा जीव जातो, आणि परत वर येईपर्यंत तो घड्याळ आणि बॅटरी म्हणूनच कामाचा. मग दैवशालाने आपली रीत बसवली होती. घरात भेट घ्यायची, वजन आणि ताप पेनाने मनगटावर लिहायचा, बांगड्या वर सारून. चार घरं झाली की मनगट भरायचं. मग उतार चढून गावठाण ओलांडून थेट टाकीपाशी. तिथे ओट्याच्या कोपऱ्यात एक चपटा दगड आहे. त्या दगडावर उभं राहिलं की फोनला सगळ्या कांड्या येतात. तिथे ती मनगटावरून बघून एकेक भेट भरायची, 'पाठवा' दाबायची, आणि हात धुवून परत खाली उतरायची. ऊन असो, गुडघे दुखोत, हा फेरा चुकत नव्हता.

आता हे अ‍ॅप असं की भेट कुठे घेतली हे ते विचारत नाही. 'पाठवा' कुठून दाबलं तेवढंच टिपून ठेवतं. ज्याने कोणी ते बनवलं त्याच्या खुर्चीजवळ रेंज असणार. घरात उभं राहून फोन करता येत नाही अशी घरं या देशात आहेत, हे त्याच्या डोक्यात कशाला येईल?

त्या मीटिंगला सगळ्या आशाताई सतरंजीवर बसल्या होत्या. मेडिकल ऑफिसर डॉक्टर देशमाने नवेच बदलून आलेले, तरुण, कामाला कडक. त्यांनी प्रोजेक्टरने भिंतीवर नकाशा पाडला. गावोगावच्या घरभेटी त्यावर निळ्या ठिपक्यांनी दिसत होत्या. कुठल्या ताईचे ठिपके गावभर पांगलेले, कुठल्या ताईचे रस्त्याच्या कडेने. मग आली बोरदरी. दैवशालाचे सगळे ठिपके एकावर एक, एकाच जागी, वर टाकीपाशी. खाली भीमनगरात एकही नाही.

"या ताईंची बाळं टाकीवर जन्मतात वाटतं," डॉक्टर म्हणाले.

हशा पिकला. ज्या हसल्या त्यांचा राग नाही, साहेब हसवतो तेव्हा हसावं लागतं. पण दैवशालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली.

"साहेब, खाली आमच्याकडं रेंज न्हाई. मी घरी जाऊन येते, मंग वर जाऊन पाठवते."

"रेंज नाही?" डॉक्टरांनी लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. भिंतीवर दुसरा नकाशा आला, मोबाइल कंपनीचा. धावड्यापासून डोंगरापर्यंत सगळा मुलूख हिरवागार, आणि त्या हिरव्यात बोरदरी, टाकीपासून ओढ्यापर्यंत. "हे बघा. हिरवं म्हणजे चांगली रेंज. रीतसर सर्व्हे करून बनवलेला नकाशा आहे हा. आता तो खोटा आणि तुम्ही खऱ्या का?"

"व्हय," दैवशाला म्हणाली.

डॉक्टरांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला आणि गटप्रवर्तक बेबीनंदाताईंना, म्हणजे सगळ्या आशाताईंवर देखरेख ठेवणाऱ्या बाईंना, नोटीस काढायला सांगितली. बसल्या जागेवरून खोट्या भेटी दाखवल्याबद्दल खुलासा करा. पुढच्या मीटिंगपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर नाव कमी करायला वर पाठवणार. हे सगळं चारचौघींत, माईकवर.

जीपमध्ये परत येताना दैवशाला कडेला बसली होती. शेजारची बाई म्हणाली, "जाऊ दे ना बाई, साहेब लोकांचं असंच राह्यते." तिने मान दुसरीकडे वळवली. नाव कमी झालं तर दुसरं काम मिळेल, निंदणी-खुरपणी कुठे पळून गेली नाही. पण खोट्या भेटी? ज्या घरांत तिने नाळ न सुकलेली लेकरं हातात घेतली, ज्या घरांत ती पावसात पाय घसरत गेली, त्या घरांत ती गेलीच नाही? हा शब्द तिला गिळता येईना. खोटारडी म्हणून घरी बसायचं नाही, एवढं एक तिने जीपमध्येच ठरवून टाकलं.

आणि त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. तो हिरवा नकाशा कसा झाला, ते तिला माहीत होतं.

उन्हाळ्यात गावात एक पांढरी गाडी आली होती. पुढच्या काचेपाशी स्टँडवर फोन अडकवलेले, छतावर चुंबकाने चिकटवलेली काळी डबी, मागच्या सीटवर लॅपटॉप. ते फोन आपले आपणच कुठेतरी लागायचे, तुटायचे, परत लागायचे. गाडीत संघपाल नावाचा पोरगा होता, जालन्यात राहणारा, एका ठेकेदाराकडे कामाला. रस्त्याने गाडी चालवत रेंज मोजायची आणि प्रत्येक गावात एका जागी थांबून थोडा वेळ तपासणी करायची, असं त्याचं काम. पारापाशी रस्ता संपला म्हणून त्याने गाडी तिथेच थांबवली. लॅपटॉपवर पिवळं-लाल, म्हणजे कमी रेंज, दिसत होतं. तो तिथेच तपासणी लावणार, एवढ्यात सरपंच अण्णासाहेब आले.

आता अण्णासाहेब माणूस दिलदार. गावात पाहुणा आला आणि उन्हात उभा राहिला तर त्यांना जेवण गोड लागत नाही. शिवाय गावाचा अभिमान असा की बोरदरीत अमुक नाही, हे परक्या माणसासमोर त्यांच्या तोंडून निघणार नाही. गावाला पाणी आठवड्यातून एकदा येत असलं तरी पाहुण्याला ते सांगतील, "पाण्याचं काय, भरपूर हाये."

"अहो पाहुणे, हितं काय करून राह्यले तुम्ही?" त्यांनी विचारलं. "रेंज बघायची ना? मंग हितं कशाला? हितं काही दिसणार न्हाई. चला वर. आपल्या गावात फुल्ल रेंज हाये. एकदम बराबर."

मग वरात निघाली टाकीकडे. कोणी खुर्ची उचलली, कोणी पाण्याचा जार. गाडी जाईल तिथवर गेली, पुढे लॅपटॉप एकाने डोक्यावर घेतला. गावातली उत्तम ती जागा पाहुण्याला द्यायची, ही आपल्याकडची रीत. जेवायला बसवताना पंख्याखाली बसवतात, रेंज मोजायला आला तर रेंजच्या जागी उभा करतात. कोणाला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. उलट रेंज कमी भरली असती तर गावाचं नाक कापलं गेलं असतं.

दैवशाला तेव्हा टाकीपाशीच होती, भेटी भरत. संघपाल ओट्याच्या मधोमध उभा राहिलेला बघून तीच म्हणाली, "तिथं न्हाई दादा. हितं या, या दगडावर. हितं पक्की रेंज येती." आणि स्वतः दगडावरून उतरून तिने त्याला जागा करून दिली. अण्णासाहेबांनी चहा मागवला. फोन लागले, व्हिडिओ चालले, सगळं हिरवं. जाताना संघपाल सगळ्यांना नमस्कार करून गेला, आणि दैवशालाला "जय भीम ताई, काही लागलं तर फोन करा" म्हणून नंबर देऊन गेला. नंतर गावात बातमी आली की सरकारी टॉवर बिनरेंजच्या गावांना मिळणार आहेत आणि त्यात बोरदरी नाही. गाव चार दिवस हळहळलं. नेमकं आपल्याला का वगळलं, हे कोडं कोणाला सुटेना.

त्या दगडावरून आपण उतरलो, हे आठवलं की दैवशालाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

तिने आधी तक्रार केली. तक्रार करायचीही सोय आहे, फोनवरच. रेंज नसल्याची तक्रार रेंज वापरून करायची. तिने खाली भीमनगरात बसून प्रयत्न केला, चक्र फिरत राहिलं. मग काय, पुन्हा टाकी. दगडावर उभी राहून तिने तक्रार भरली, नंबर आला, आणि थोड्याच वेळात उत्तर आलं. आपण तक्रार केलेल्या ठिकाणी आमची सेवा उत्तम दर्जाची आढळली, आपला दिवस चांगला जावो. दैवशालाने ते दोनदा वाचलं. कोणाला तरी शिव्या घालाव्यात म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं, तर टाकीवर एक कावळा आणि ती. मदतीच्या नंबरवर लावलं तर बाई हिंदीत गोड बोलली, "मॅडम, अभी तो आपकी आवाज बिलकुल क्लिअर आ रही है." दैवशालाने फोन कापला. पुढे बोलली असती तर तोंडातून वाईटच निघालं असतं.

मग तिने संघपालला फोन लावला. तो पोरगा खरंच चांगला निघाला. धावड्याच्या रस्त्याला काम होतं, तेव्हा आला. गाडी पारापाशी लागली आणि अण्णासाहेब लगेच हजर.

"या पाहुणे! आरं, खुर्ची आणा. वर चला, आज भजी बी—"

"अण्णासाहेब," दैवशाला मधे उभी राहिली. "आज वर न्हाई. आज चहा न्हाई, भजी न्हाई. आज पाहुणे खाली येतील."

"खाली? अगं, खाली काय हाये? रेंज वर हाये ना."

"म्हणूनच."

अण्णासाहेबांना हे समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ते पारावर बसून राहिले. त्यांनाही वाईट वाटलं असणार, पण चूक झाली असं म्हणायची सवय सरपंचाला कुठून असणार? "आम्ही तर पाहुण्याचं चांगलंच केल्तं," एवढंच ते म्हणाले.

संघपाल फोन घेऊन खाली उतरला. चिंचेपाशी एकेक फोन मेला. भीमनगराच्या पहिल्या घरापासून ओढ्यापर्यंत तो चालला, घरात गेला, अंगणात गेला, समाजमंदिराच्या पायरीवर चढला. कुठेच काही नाही. हे सगळं त्याच्या यंत्रात बरोबर टिपलं जात होतं, त्याला रेंज लागत नाही. त्याने तसं सांगितलं तेव्हा दैवशालाचा चेहरा उजळला.

"मंग आता नकाशा बदलंल?"

संघपालने हातातले फोन पिशवीत टाकले. मग म्हणाला, "ताई, खोटं नाही सांगत. मी हे पाठवीन. पण वर गाव एकच धरतात. गावात कुठंही एका जागी रेंज सापडली की गाव झाकलं गेलं असं मानतात. टाकीवर आहे ना? मग बोरदरी हिरवीच."

"अन् भीमनगर?"

"भीमनगर वेगळं गाव नाही ना ताई कागदावर."

दैवशाला एकदम भडकली. "रेंज मोजायची असली का आमी गावात, अन् टाकी, रस्ता, पाहुणा असला का आमी गावाच्या भाईर! वरच्यांची रेंज आमच्या नावावर काहून लावता?"

संघपालने मान खाली घातली. "मी पण अशाच वस्तीतला आहे ताई. पण रंग मी नाही देत. मी फोन फिरवतो." तो पाणी पिऊन गेला. त्याने अहवाल पाठवला, हे त्याने नंतर कळवलं. नकाशा हिरवाच राहिला.

आता खुलासा काय लिहिणार? सगळे म्हणाले तसा माफीनामा लिहून टाकायचा? बेबीनंदाताई भल्या मनाने म्हणाल्या, "दैवशाला, लिही ना, पुढं असं होणार न्हाई म्हणून. मिटून जाईल." दैवशाला म्हणाली, "मी जे केलंच न्हाई ते पुढं होणार न्हाई म्हणून कसं लिहू?" त्या दिवशी तिने एक ठरवलं, आणि तिच्या स्वभावाप्रमाणे लगेच अमलात आणलं. टाकीवर जायचं बंद.

भेटी बंद नाहीत. ती घरोघर जात होतीच, बाळं झोळीत घालत होतीच, मनगटावर लिहीत होतीच. पण चढ चढणं बंद. ज्या घरी गेली त्या घरात उभी राहून ती 'पाठवा' दाबायची. चक्र फिरायचं. ती बाळंतिणीला म्हणायची, "बघ, साहेबांना कळवलं." आणि फोन पिशवीत टाकून पुढच्या घरी. साहेबांना भेटी घराघरातूनच हव्या होत्या ना? मग घराघरातूनच पाठवणार. पोचवायचं काम त्या हिरव्या रंगाचं.

लवकरच त्याचा परिणाम दिसायला लागला. दैवशालाच्या नावच्या भेटी शून्य झाल्या. शून्य एका ताईपुरतं राहत नाही, ते आरोग्य केंद्राच्या आकड्यात जातं. आरोग्य केंद्र तालुक्याच्या यादीत खाली घसरलं, आणि जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये माईकवरून डॉक्टर देशमान्यांचं नाव पुकारलं गेलं. तिथेही कोणी तरी हसलं म्हणतात. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन बोरदरीला आले.

आले ते आधी टाकीवर, कारण नकाशावर दैवशाला टाकीवरच राहत होती. तिथे ती नव्हती. त्यांनी तिला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बरोबर आलेल्या बेबीनंदाताईंना ते म्हणाले, "बघा, कामाच्या वेळी फोनसुद्धा बंद!" टाकीवर असली तर का आहे म्हणून दोषी, नसली तर का नाही म्हणून दोषी. शेवटी अण्णासाहेबांनीच सांगितलं, "साहेब, ती खाली हाये. तिला भेटायचं तर उतरावं लागंल." आणि यावेळी त्यांनी चहाचा आग्रह केला नाही.

बेबीनंदाताई पारापाशीच थांबल्या, डॉक्टर बुटांनी घसरत, हाताने दगड धरत खाली उतरले. दैवशाला मोनालीच्या घरी होती. मोनालीचं बाळ वेळेआधी जन्मलेलं, इवलंसं. ते झोळीत होतं, काटा हुकाला टांगलेला, आणि दैवशाला श्वास रोखून काटा थांबायची वाट बघत होती. डॉक्टर दारात उभे राहिलेले तिला दिसले. ती उठली नाही.

"थांबा साहेब. बाळ हालून राह्यलं."

डॉक्टर थांबले. काटा थांबला. तिने मनगटावर लिहिलं. तिथे आधीच दोन घरांचे आकडे होते. डॉक्टर त्या मनगटाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः बाळ तपासलं, छाती ऐकली, आईच्या पायावर सूज आहे का बघितलं. डॉक्टर म्हणून माणूस वाईट नव्हता. "वजन वाढतंय," ते मोनालीला म्हणाले. मोनाली म्हणाली, "ताई येतीया ना रोज बघायला." ही काही तिला कोणी शिकवलेली साक्ष नव्हती.

मग डॉक्टरांनी आपला फोन काढला. साहेबांनाही अ‍ॅप असतं. गावाला भेट दिली की जागेवरून नोंद पाठवायची, त्याशिवाय जिल्ह्याला ते गेले हे मान्य नाही. चक्र फिरू लागलं. डॉक्टर अंगणात आले, फोन डोक्यावर धरला, समाजमंदिराच्या पायरीवर चढले. भीमनगरातल्या बायका दारात आल्या. कोणी म्हणालं, "त्या शेवग्यापाशी बघा साहेब, कधी कधी एक कांडी येती." डॉक्टर शेवग्यापाशीही गेले. तिथेही काही आलं नाही. दैवशाला मोनालीच्या उंबऱ्यावर बसून बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजा येत नव्हती. आपण वर्षानुवर्षं असंच फिरलो आणि ते कोणाला दिसलं नाही, याचाच तिला संताप येत होता.

शेवटी ते चढ चढून टाकीपाशी गेले, मागोमाग दैवशालाही. डॉक्टर घामाघूम होऊन दगडावर उभे राहिले आणि नोंद पाठवली. ती लगेच गेली. मग त्यांनी नकाशा उघडून बघितला. त्यांच्या भेटीचा ठिपका टाकीवर पडला होता. भीमनगरला ते गेल्याची खूण कुठेच नव्हती.

त्यांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, "ताई, नोटीस मी मागे घेतो. विषय संपला."

"कुठं संपला?" दैवशाला म्हणाली. "तुमी माझी अब्रू चारचौघींत काढली. माईकवर. ती हितं टाकीपाशी, कोणी नसताना परत देऊन राह्यले का? चारचौघींत काढली तर चारचौघींतच द्या."

डॉक्टर "बघू" म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढच्या मीटिंगला दैवशाला सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसली. डॉक्टरांनी डेंगूचं सांगितलं, लसीच्या तारखा सांगितल्या, नोंदी वेळेवर भरा म्हणून बजावलं. बोरदरीचं नाव काढलं नाही. ते माईक खाली ठेवायला लागले तेव्हा ती उभी राहिली.

"साहेब, एक विषय राह्यला."

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. बेबीनंदाताईंनी डोळ्यांनीच खाली बस म्हणून खुणावलं. ती बसली नाही. डॉक्टर घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी माईक परत तोंडाशी धरला.

"मागच्या वेळी मी दैवशालाताईंबद्दल बोललो ते चुकीचं होतं," ते म्हणाले. "मी स्वतः खाली जाऊन बघितलं. त्या घरोघर जातात. त्यांच्या भेटी खऱ्या आहेत."

टाळ्या पडल्या. मागच्या वेळी ज्या हसल्या होत्या त्यांनी जरा जोरातच वाजवल्या. दैवशालाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. ती अजून उभीच होती.

"साहेब, तुमी एक रोज खाली आलात म्हणून माझ्या भेटी खऱ्या झाल्या," ती म्हणाली. "मी तर दररोज जात होते. तवा त्या खऱ्या काहून न्हवत्या?"

टाळ्या थांबल्या. डॉक्टरांनी बेबीनंदाताईंकडे बघितलं, मग समोरच्या कागदांकडे बघितलं. मग त्यांनी जंतनाशक गोळ्यांचा विषय काढला, आणि दैवशाला उत्तराची वाट बघत उभीच राहिली.